तीन महिने उरलेत : परदेशातलं स्वयंसेवेचं काम आवरताना तुम्ही काय केलंत?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढते आहे.

परदेशात एका छोट्या आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करते. मुदत २४ महिन्यांची, त्यातले २१ संपले. आल्या आल्या मी हाती घेतलं ते लसींच्या फ्रिजचं काम. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात आणि तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत उतरवायला हवं. मी आले तेव्हा वही होती, पण कोरी. आता कपाटात भरलेल्या वह्यांची चळत आहे आणि तिचा मला अभिमान वाटायचा.

गेल्या आठवड्यात चार्ज द्यायची तयारी म्हणून त्या वह्या पहिल्या पानापासून चाळल्या. मी तापाने पडून होते ते ६ दिवस कोरे. रजेवर होते ते १० दिवस कोरे. बाकी सगळीकडे एकच अक्षर, माझं. त्या रात्री झोप लागली नाही.

संस्था विचारते आहे की वर्षभराची मुदतवाढ घेणार का. महिनाभरात उत्तर द्यायचं आहे. काम असं अर्धवट टाकून जाववत नाही. दुसरीकडे मन केव्हाच निघालंय. बैठकीत बसलेली असते आणि डोक्यात बॅग भरत असते, मग त्याचीच लाज वाटते. इथल्या लोकांना जायची तारीख अजून सांगितलेली नाही. सांगितली की वागणं बदलेल अशी भीती वाटते.

ज्यांनी अशी मोठी मुदत पुरी केली आहे त्यांनी शेवटचे महिने कसे काढले? थांबावं की निघावं?

काजवा

थांबा. पहिलं वर्ष भाषा आणि माणसं कळण्यात जातं, दुसऱ्यात काम सुरू होतं, फळ तिसऱ्यात दिसतं. विचारताहेत तर नाही म्हणू नका.

वाटसरू

काजवा, मला नेमकं उलट सांगायचं आहे, कारण मी थांबलो होतो.

माझं काम शेती-सहकारी गटाच्या हिशेबांचं. दोन वर्षं संपत आली तेव्हा पाऊलवाट यांच्यासारखीच अवस्था होती. आपण गेलो की सगळं बसेल असं वाटलं आणि वर्ष वाढवून घेतलं. त्या वर्षात काय झालं? गट माझ्यावर आणखी विसंबला. जो मुलगा माझ्या हाताखाली शिकत होता तो हिशेब उत्तम करायचा, पण जागा रिकामी होईना, म्हणून सहा महिन्यांनी दुसरीकडे नोकरीला गेला. मी वेळेवर निघालो असतो तर ती खुर्ची त्याची होती. हे मला फार उशिरा कळलं आणि अजून सलतं.

काम अर्धवट आहे, एवढं कारण थांबायला पुरत नाही. ते कायमच अर्धवट असतं. कोणाला काय शिकवण्यासाठी थांबते आहे, हे एका वाक्यात लिहून बघा. वाक्यात माणसाचं नाव आलं तर थांबा. "व्यवस्था बसवण्यासाठी" असं आलं तर तिकीट काढा.

शिरीष_फूल

वाटसरूंचं शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. +१

सुकाणू

थोडं अवांतर, पण मुद्द्याशी जोडलेलं. ही दोन वर्षांची मुदत काही कुठल्या शास्त्रातून आलेली नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली अ‍ॅलेक डिक्सन आणि मोरा डिक्सन यांनी व्हीएसओ ही परदेशी स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू केली तेव्हा शाळा संपवलेली तरुण मुलं वर्षभरासाठी जायची. अमेरिकेत अध्यक्ष केनेडींनी १ मार्च १९६१ रोजी पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक संस्थेचा आदेश काढला आणि त्याच ऑगस्टमध्ये पहिली तुकडी घानात उतरली. तिथे तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षं सेवा, म्हणजे २७ महिने, असा साचा पक्का झाला. जपानने १९६५ साली आपली योजना काढली, तिथेही साधारण दोन वर्षंच. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० च्या ठरावातून आला.

सांगायचा मुद्दा असा की २४ हा आकडा प्रशासनाच्या सोयीचा आहे. गावाला, फ्रिजला किंवा तुमच्या सहकारी नर्सला तो आकडा बांधील नाही. त्यामुळे "२४ महिन्यांत जमलं नाही" म्हणून स्वतःला नापास करू नका. पीस कोअरमध्ये मुदत संपायच्या साधारण तीन महिने आधी सगळ्यांना एकत्र बोलावून निघण्याची तयारी करून घेतात. एवढी जुनी संस्था निघण्यासाठी वेगळा वेळ काढते, कारण निघणं हेही एक काम आहे. तुमच्या संस्थेत असं काही आहे का?

पाऊलवाट

सुकाणू, आमच्याकडे दोन पानांचा अर्ज आहे आणि किल्ल्या परत करायची यादी. बस.

निळी_छत्री

मी या गोष्टीची दुसरी बाजू पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या संस्थेत मी १४ वर्षं नोकरी केली तिथे परदेशातून स्वयंसेवक यायचे. दर दोन वर्षांनी नवा माणूस. सगळे मनापासून काम करणारे, त्यात शंका नाही. पण नवा माणूस यायचा तो नवी योजना घेऊन. पहिले दोन-तीन महिने तो आम्हाला तेच प्रश्न विचारायचा जे आधीच्याने विचारले होते. आम्ही तीच उत्तरं द्यायचो. आधीच्याची फाइल कपाटात असायची, ती कोणी उघडायचं नाही, कारण ती त्याने आपल्या वरिष्ठांसाठी लिहिलेली असायची. आमच्यासाठी कधीच कोणी लिहिलं नाही.

आणि जायच्या आधीचे तीन महिने! काही जण झपाटल्यासारखं काम करायचे. राहिलेलं सगळं उरकायचं म्हणून रात्री बसून एकट्याने करायचे. आम्हाला वाटायचं, याला आता आपल्याशी बोलायलाही वेळ नाही. काही जण उलट, आधीच निघून गेल्यासारखे. दोन्ही प्रकारांत आमचा माणूस आमच्या हातून आधीच सुटायचा.

एकच बाई वेगळी होती. तिने शेवटचे दोन महिने स्वतः काहीही केलं नाही. शेजारी खुर्ची टाकून बसायची. मी चुकले तरी मधे पडायची नाही, संध्याकाळी विचारायची की आज काय अडलं. मला तेव्हा तिचा राग यायचा. ती गेल्यानंतर पहिल्या सोमवारी मी ऑफिसात आले आणि मला काहीच अडलं नाही. बाकीच्यांचे चेहरे आता नीट आठवत नाहीत, ही आठवते.

पाऊलवाट, तुम्ही चार दिवस रजा घ्या. गावातच राहा, पण फ्रिजच्या खोलीत पाऊल टाकू नका. परत आल्यावर वही उघडा.

प्रशीतक

निळी_छत्री, अनुभव मनाला भिडला, पण रजेच्या सल्ल्याशी असहमत. हिशेबाची वही चार दिवस कोरी राहिली तर नंतर भरता येते. लस बिघडली तर ती परत येत नाही, आणि ती लहान मुलांना टोचली जाते. माणसांची परीक्षा बाळांच्या जिवावर घेऊ नये.

बहुतेकांना उष्णतेची भीती असते. पण हेपेटायटिस बी, धनुर्वाताची, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) या लसी गोठल्या तरी निकामी होतात, आणि गोठून वितळलेली बाटली वरवर पाहून ओळखू येईलच असं नाही. बाटलीवरचा रंग बदलणारा चौकोन उष्णतेचं सांगतो, गोठण्याचं सांगत नाही. म्हणून ती सकाळ-संध्याकाळची नोंद.

निळी_छत्री

प्रशीतक, मान्य. हा धोका माझ्या लक्षात आला नाही. पण मग मला सांगा, तीन महिन्यांनी त्या जातील तेव्हाही बाळं तिथेच असणार ना? तेव्हा कोण बघणार? रिकामा रकाना आता दिसलेला बरा की नंतर?

प्रशीतक

हा प्रश्न रास्त आहे. मग मधला मार्ग. फ्रिजमध्ये ३० दिवसांचं तापमान आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र ठेवतात. ते तुमच्या केंद्रात असेल तर रजेवरून आल्यावर वही कोरी असली तरी तापमान कुठे गेलं होतं ते कळेल, आणि शंका आली तर त्या बाटल्या वापरण्याआधी बाजूला काढता येतील. यंत्र आहे का ते आधी बघा. ते नसेल तर मी रजेच्या विरोधातच आहे. आणि यंत्र असलं तरी रोज बघणारा माणूस लागतोच. यंत्र नोंदवतं, फ्रिज बंद पडल्यावर लसी शीतपेटीत हलवायला ते उठत नाही.

पाऊलवाट

यंत्र आहे. गेल्या वर्षी आलं. विचार करते.

मार्च_वीस

धागा वाचून दोन दिवस काही लिहू शकलो नाही.

माझी मुदत संपायला पाच महिने होते आणि कोरोनाचा मार्च २०२० आला. त्या महिन्यात पीस कोअरने आपले सगळे, म्हणजे सुमारे ७,००० स्वयंसेवक ६० हून अधिक देशांतून एकाच वेळी परत बोलावले. त्यांच्या इतिहासात असं आधी कधी झालं नव्हतं, आणि त्यांचे स्वयंसेवक पुन्हा बाहेर पडायला मार्च २०२२ उजाडला. माझी संस्था वेगळी, पण निरोप तसाच. सकाळी फोन आला, दुपारी गाडी. मी शिकवत होतो त्या वर्गाची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. प्रश्नपत्रिका माझ्या टेबलावर तशाच राहिल्या. ज्यांच्या घरी राहत होतो त्या आजी शेतात होत्या. शेजाऱ्याकडे निरोप ठेवून निघालो. वर्षभराने त्या गेल्याचं कळलं.

तुमच्याकडे ९० दिवस आहेत. तारीख लपवू नका. आज सांगा. वागणं बदलेल म्हणता, बदलू दे. निरोप द्यायला वेळ लागतो आणि तो वेळ समोरच्यांचाही आहे. आपण एकट्याने तो आपल्याकडे दाबून ठेवू नये.

काजवा

मार्च_वीस, काय लिहू... आजींना नमस्कार.

वाटसरू आणि निळी_छत्री यांचं वाचून माझं मत डळमळलं आहे. मी स्वतः १८ महिन्यांवर परत आलो होतो, त्यामुळे "तिसऱ्या वर्षी फळ" हे माझं अनुमान होतं, अनुभव नव्हे.

औषधवाली

तब्येतीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. निघण्याच्या गडबडीत हेच राहून जातं.

मलेरियाच्या भागात राहिला असाल तर प्रतिबंधक गोळ्या निघाल्या दिवशी बंद करू नका. कुठली गोळी आहे त्यावर पुढे किती दिवस घ्यायची ते ठरतं. व्हायवॅक्स आणि ओव्हेल या प्रकारांचे परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि महिन्यांनी ताप आणतात. त्यासाठी प्रायमाक्विनचा, बहुधा १४ दिवसांचा, कोर्स देतात. पण त्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) रक्ततपासणी झालीच पाहिजे. ते विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. कोणी मित्राने दिलेली उरलेली पट्टी घेऊ नका.

आफ्रिकेतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत, नद्यांत पोहला असाल (मलावी सरोवराचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी) तर बिल्हार्झियाची, म्हणजे अशा पाण्यातून अंगात शिरणाऱ्या परजीवी कृमींच्या रोगाची, तपासणी करा. ती शेवटच्या संपर्कानंतर किमान ६ ते ८ आठवड्यांनी, लगेच केली तर चुकीचा दिलासा मिळतो. क्षयाच्या चाचणीचंही तसंच, ८ ते १० आठवडे थांबून. आणि परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी अमुक ठिकाणी राहून आले आहे. ते आपणहून विचारतीलच असं नाही.

शिरीष_फूल

औषधवाली ताई, "पहिल्याच वाक्यात सांगा" हे अगदी खरं. माझ्या भावाच्या बाबतीत तिसऱ्या दिवशी विचारलं गेलं. वेळेवर निदान झालं, पण ते तीन दिवस घरात कोणी जेवलं नाही.

घडीची_सायकल

सामानाबद्दल सांगतो, ऐकायला क्षुल्लक वाटेल. माझी सायकल कोणाला द्यायची हे मी शेवटच्या आठवड्यावर ठेवलं. मनात शाळेतला एक शिक्षक होता. शेजारच्या मुलाला मात्र खात्री होती की सायकल त्याची, कारण दोन वर्षं तिचं पंक्चर तोच काढत होता. मी शिक्षकाला दिली. मुलगा निरोपाला आला नाही.

वस्तू लवकर द्या, उघडपणे द्या, आणि कोणाचा कशावर हात फिरला आहे ते आधी आठवा. जमलं तर महत्त्वाच्या वस्तू व्यक्तीऐवजी केंद्राच्या नावावर करा, नोंदवहीत लिहून.

वाटसरू

सायकलची गोष्ट क्षुल्लक अजिबात नाही.

कागदपत्रांचंही जोडतो. तिथे असतानाच पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र घ्या. पुढे नोकरीसाठी किंवा व्हिसासाठी ते मागतात आणि देश सोडल्यावर दुरून मिळवणं फार त्रासाचं होतं. सेवेचं पत्र घ्या, त्यात तारखा आणि कामाचं स्वरूप हवं. बँक खातं बंद करून तसा कागद घ्या.

परतीचा_पाऊस

परतल्यावरचं कोणी बोलत नाही, म्हणून एवढंच. जाताना जो धक्का बसतो त्याची सगळे तयारी करतात. येतानाच्या धक्क्याची कोणी करत नाही. लिसगार्ड या संशोधकांनी १९५५ साली परदेशी राहिलेल्यांच्या मनःस्थितीचा यू आकाराचा वक्र मांडला (आधी उत्साह, मग खड्डा, मग सावरणं), गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ साली त्यात परतीचा दुसरा खड्डा जोडून डब्ल्यू केला. मला तो खड्डा लागला. पहिल्या पंधरवड्यात सगळे विचारतात, "कसं होतं?" आणि उत्तर सुरू केलं की तिसऱ्या वाक्याला त्यांची नजर हलते. राग धरू नका. दोन मिनिटांचं एक उत्तर तयार ठेवा आणि खरं सांगण्यासाठी एक-दोन माणसं.

प्रशीतक

अनुभव तुमचा आहेच, तो खोडत नाही. पण त्या वक्रांना नंतरच्या अभ्यासांत भक्कम आधार मिळाला नाही. पुष्कळांना पहिला महिनाच सगळ्यात जड जातो, काहींना खड्डा लागतच नाही. पाऊलवाट यांनी "आता मला खड्डा लागणारच" असं धरून बसू नये.

परतीचा_पाऊस

हे बरं सांगितलंत. खड्डा लागला तर तो आपल्या एकट्यालाच लागलेला नाही, एवढं तरी लक्षात असू द्या.

पाऊलवाट

पाच आठवड्यांनी धागा वर काढते आहे. सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं.

आधी वाटसरूंचं वाक्य लिहून बघितलं. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा त्यात माणूस आला नाही. मुदतवाढीला नकार कळवला.

मग प्रशीतक यांनी सांगितल्याप्रमाणे यंत्र नीट चालतंय ना ते पाहिलं आणि चार दिवस रजा टाकली. खरं सांगते, दुसऱ्या संध्याकाळी मी केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. पाचव्या दिवशी वही उघडली. आठ रकान्यांपैकी पाच भरलेले होते. संध्याकाळचे चारही, आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ. यंत्रातलं तापमान चारही दिवस ४ ते ७ अंशांत.

संध्याकाळचं अक्षर मला ओळखता येईना. विचारलं तर कळलं, रात्रीचे पहारेकरी. मी रोज कुलूप लावायच्या आधी फ्रिजकडे बघून काहीतरी लिहिते हे ते पहिल्या महिन्यापासून पाहत होते. मी आजारी होते तेव्हा का लिहिलं नाहीत, असं विचारलं. म्हणाले, तेव्हा वही तुमच्या टेबलाच्या खणात होती आणि खणाला कुलूप होतं.

२१ महिने मी समजत होते की कोणाला पडलेलं नाही. वही आता फ्रिजच्या दाराला दोरीने टांगली आहे. सकाळची नोंद नर्सबाईंकडे, संध्याकाळची पहारेकऱ्यांकडे. तापमान २ च्या खाली किंवा ८ च्या वर गेलं तर कोणाला उठवायचं आणि लसी कुठल्या शीतपेटीत हलवायच्या, ते एका पानावर इथल्या भाषेत लिहून दाराला चिकटवलं आहे. ते पान मी लिहिलेलं नाही. नर्सबाईंनी लिहिलं, मी शेजारी खुर्ची टाकून बसले. निळी_छत्री, त्यांची चूक दिसली की हात शिवशिवत होते, पण बसून राहिले.

निळी_छत्री

डोळे भरून आले. त्या पहारेकऱ्यांना कोणीतरी प्रशिक्षणाला पाठवा हो. पुढच्या वेळी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर जे काही होत असेल तिथे त्यांचं नाव घाला.

प्रशीतक

पाच रकाने म्हणजे तीन कोरे, हेही विसरू नका. पण संध्याकाळचे चारही भरलेले पाहून मला फार आनंद झाला. बर्फाची पाकिटं कशी भरायची, लसी त्यांना चिकटून गोठू नयेत म्हणून काय करायचं, हे त्यांना हाताने करून दाखवा, नुसतं सांगू नका.

पाऊलवाट

नाव घातलं आहे, आणि सराव येत्या गुरुवारी.

मार्च_वीस

आणि तारीख? सांगितलीत का?

पाऊलवाट

सांगितली. रजेवरून आल्यावर त्याच दिवशी, सगळ्यांना एकत्र बसवून. आवाज कापत होता. माझं बोलून झालं तशा नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "आम्हाला तारीख पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हाला ठेवून घेण्याच्या कागदावर केंद्राची सही माझीच आहे. तुम्ही कधी बोलाल याची वाट बघत होतो."

त्यानंतर त्या कधी नव्हे इतकं बोलल्या. त्यांच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल, आधीच्या स्वयंसेवकाबद्दल, माझ्या पहिल्या महिन्यातल्या भाषेबद्दल. रात्र झाली तरी कोणी उठेना. पहारेकरी मधेच उठून आत गेले, तापमान लिहून आले आणि पुन्हा बसले.

वाटसरू

वा. पोलीस प्रमाणपत्र काढलंत का?

पाऊलवाट

नाही, राहिलंय. उद्याच जाते.